भिंतीतल्या फिशटँकचा सम्प लहान नव्हता: आपल्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला रिव्ह्यू वाचला. रात्री लाईट गेली, सकाळी स्टडी रूममध्ये पाणी साचलेलं होतं आणि कपाटाची खालची पट्टी फुगली. नव्या घरात हे व्हायला नको होतं. आपल्याला आणि घरातल्यांना जो मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण साहेब, आपण तीन गोष्टी लिहिल्या आहेत. काम तीन आठवड्यांचं सांगून पाच आठवडे लावलं. स्टँडचा मधला खांब मध्यावर नाही, कामात सफाई नाही. आणि तिसरी, "सम्प मुद्दाम लहान बनवून पैसे वाचवले." (सम्प म्हणजे टाकीखाली स्टँडमध्ये ठेवलेली काचेची छोटी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर पाठवतो.) पहिल्या दोन गोष्टी आम्ही ऐकून घेतल्या असत्या. तिसरी मात्र फार लागली. आमचा धंदा एकाने दुसऱ्याला सांगण्यावर चालतो, आणि भिंतीतली टाकी करून घेणारा माणूस आधी रिव्ह्यूच वाचतो. म्हणून हे उत्तर लांबलं तरी पूर्ण लिहितो.

आपली टाकी 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच. काठोकाठ धरली तर 680 लिटर. सम्प 36 इंच लांब, 18 रुंद, 18 उंच. आतून मोजला तर सम्पमध्ये पाणी 1 सेंटिमीटर चढायला साधारण 4 लिटर लागतात. वरच्या टाकीत तेच 1 सेंटिमीटर म्हणजे 11 लिटर. सम्प किती मोठा हवा हे या दोन आकड्यांवरून ठरतं. डोळ्यांना किती मोठा दिसतो यावरून ते ठरत नाही.

लाईट गेली की रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधलं पाणी परत वर चढवणारा पंप, थांबतो. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या, दातेरी पट्टीवरून खाली येतच राहतं, आणि रिटर्नच्या पाईपमधूनही उलटं खाली ओढलं जातं. ही ओढ तोडण्यासाठी आम्ही रिटर्न पाईपला पाण्याच्या पातळीखाली 1 सेंटिमीटरवर एक भोक पाडतो. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. आपल्या टाकीत पंप बंद केल्यावर पातळी अडीच सेंटिमीटर उतरते, म्हणजे 28 लिटर. ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं आणि पाईपांमधलं मिळून आणखी 15. एकूण 43 लिटर पाणी दर वेळी सम्पमध्ये येणारच. ते टाळता येत नाही, त्यासाठी जागा ठेवावी लागते.

ती जागा होती का? सम्पमधले बॅफल, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या मधल्या काचा, 25 सेंटिमीटर उंचीचे आहेत आणि पंपाच्या कप्प्यात पाणी 20 सेंटिमीटरवर ठेवायचं आहे. त्याच उंचीवर काचेवर लाल पट्टी चिकटवून दिली आहे. 43 लिटर परत आले की आधी पंपाचा कप्पा बॅफलपर्यंत भरतो, मग सगळीकडे सारखं पाणी चढून 34 सेंटिमीटरच्या आसपास थांबतं. काच 45 सेंटिमीटर आहे. म्हणजे वर 11 सेंटिमीटर, 44 लिटरची जागा शिल्लक राहते. जेवढं पाणी येतं तेवढीच जागा आणखी एकदा. याला लहान सम्प म्हणत नाहीत, साहेब. काम ताब्यात देताना आपल्यासमोर पंप दोनदा बंद करून दाखवला होता, तेव्हा पाणी कुठे थांबलं ते आपण पाहिलं आहे.

मग त्या रात्री पाणी बाहेर का आलं? सकाळी आमचा मुलगा आला तेव्हा सम्पच्या काचेवर पाण्याची ताजी रेघ 38 सेंटिमीटरच्या आसपास होती. लाल पट्टी 18 सेंटिमीटर खाली. मंडळी दोन दिवस गावाला गेली होती. उन्हाळ्यात एवढ्या उघड्या टाकीतून रोज पाच-सात लिटर पाणी उडतं. ते कमी झालेलं वरच्या टाकीत दिसत नाही, बॅफलमागेही दिसत नाही. फक्त पंपाच्या कप्प्यात दिसतं, आणि तिथे दिवसाला चार-पाच सेंटिमीटर उतरतं. त्यामुळे पंप हवा ओढायला लागला, आवाज सुरू झाला, टाकीत बुडबुडे दिसले. घरात कोणीतरी काळजीपोटीच नळी लावून सम्प भरला, हे आपल्या घरातूनच आम्हाला कळलं. काळजीपोटी केलं हे आम्हाला समजतं. पण पंप चालू असताना पाणी 38 वर नेलं की वर उरले 7 सेंटिमीटर, 28 लिटर. आणि लाईट गेल्यावर येणार 43. उरलेले 15 लिटर जमिनीवर.

आपण "घरभर पाणी" लिहिलं आहे. एक बादली पाणी लाकडाजवळ सांडलं तर नुकसान होतं, हे अगदी मान्य. पण याच आकड्यावरून सम्प आणि पाईप बरोबर होते हेही कळतं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली 10 सेंटिमीटर आहे. आमचं भोक नसतं किंवा शेवाळाने बुजलं असतं, तर तोंड उघडं पडेपर्यंत 110 लिटर खाली आले असते. तसं झालं नाही. भोक त्या सकाळी तपासलं, मोकळं होतं.

काही जण विचारतात, पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह का नाही लावला. लावता येतो, पण त्यावर विसंबून सम्पमधली जागा कमी करू नये. एक गोगलगाय किंवा वाळूचे दोन कण बसले की तो पूर्ण बंद होत नाही, आणि हे नेमकं लाईट गेल्यावरच कळतं.

आता 4 फुटी सम्प का नाही आणि खांब मध्यावर का नाही. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. स्टँड 72 इंचांचं, 50 बाय 50 बाय 3 मिलिमीटर एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, चौकोनी पाईपचं. पाणी, काच, वाळू, दगड धरून टाकीचं वजन सुमारे 850 किलो. मधला खांब दिलाच नाही तर पुढचा आडवा पाईप मध्यात सहा मिलिमीटरच्या आसपास वाकेल, आणि काचेच्या तळाला ते चालणार नाही. म्हणून खांब हवाच. तो बरोबर मध्यावर दिला तर दोन्ही बाजूंना 32-33 इंचांची जागा उरते आणि 36 इंची सम्प समोरून आत-बाहेर होत नाही. म्हणून खांब मुद्दाम बाजूला घेतला: एकीकडे 38 इंच, दुसरीकडे 28. मोठ्या गाळ्यात पाईपचा वाक एक मिलिमीटरच्या आत राहतो. छोट्या गाळ्यात स्विचबोर्ड आणि सामान, पाण्यापासून लांब. 4 फुटी सम्प हवा असता तर तो टाकी चढवण्याआधी आत ठेवावा लागला असता आणि पुन्हा कधी बाहेर निघाला नसता. काही वर्षांनी सम्पचा सिलिकॉन काढून पुन्हा भरायची वेळ आली, तर भिंतीत बसवलेली टाकी रिकामी करून हलवावी लागली असती. हे आपल्या इंटिरिअरवाल्यांना ड्रॉइंगवर दाखवलं होतं. त्यांना शटर समान मापाचे हवे होते, म्हणून खांब त्यांना खटकला असेल. पण माप आम्ही बदललं नाही आणि पुढेही बदलणार नाही.

आणि पैशांचं म्हणाल तर 36 आणि 48 इंची सम्पमध्ये फरक येतो साडेचार चौरस फूट काचेचा. तेवढ्या काचेसाठी कोणी आपलं नाव पणाला लावत नाही, साहेब. उलट उडालेलं पाणी आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह कोटेशनमध्ये होता, तो आपण "सध्या नको" म्हणून काढायला सांगितलात. तो असता तर नळी लावायची वेळच आली नसती. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, पण पैसे वाचवल्याचा ठपका आमच्यावर येतो तेव्हा सांगावंच लागतं.

उशीर झाला, हे खरं. त्यातले बरेच दिवस सोसायटीच्या परवानगीत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पत्रात गेले. राहत्या खोलीची फरशी चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून केलेली असते. आपल्या टाकीखाली सम्पसकट तो 900 च्या घरात जातो. टाकी बीमला लागून येते का, फोडायची भिंत नुसती विटांची आहे की आरसीसीची, हे कागदावर आल्याशिवाय आम्ही छिन्नी लावत नाही. हल्ली कित्येक नव्या इमारतींत आतल्या भिंतीही आरसीसीच्या असतात, त्या फोडता येत नाहीत. पुढे 12 मिलिमीटर काचेच्या जोडांचा सिलिकॉन किमान 7 दिवस वाळू दिला आणि टाकी काठोकाठ भरून 3 दिवस ठेवली. आपण त्याला "नुसती भरून ठेवली" म्हटलंत. भिंतीची चौकट लागल्यावर गळती निघाली तर प्लास्टर फोडावं लागतं, म्हणून ते दिवस आम्ही कोणाच्याही घाईसाठी कमी करत नाही. एवढं वजन असूनही टाकीचा तळ जागच्या जागी आहे, भिंतीच्या चौकटीला कुठे तडा नाही, हे त्याच दिवसांमुळे.

आपल्या सूचनेवरून काही सुधारणा करत आहोत. लाल पट्टीशेजारी मराठीत ठळक सूचना लावू, घरातल्या सगळ्यांना समजावून सांगू, आणि इतरही जे शक्य आहे ते करू. कपाटाच्या पट्टीचं काय करता येईल ते आमच्या सुताराशी बोलून कळवतो.

एक विनंती. स्टार किती द्यायचे हा आपला अधिकार आहे. पण "सम्प मुद्दाम लहान बनवला" हे वाक्य आकडे पडताळून पाहून बदलता आलं तर बघा. ते वाचून या आठवड्यात ठरलेल्या एका कामाबद्दल आम्हाला विचारणा झाली आहे.

आमचा माणूस शनिवारी संध्याकाळी सहानंतर येईल. सम्पमधलं जास्तीचं पाणी काढेल, रिटर्नचं भोक ब्रशने साफ करेल आणि घरातल्या सगळ्यांसमोर पंप बंद करून पाणी कुठे थांबतं ते दाखवेल. त्या वेळी कृपया घरी कोणीतरी असावं. तोपर्यंत पंपाचा आवाज आला तर पंपाच्याच कप्प्यात थोडं थोडं पाणी टाका, तेही क्लोरीन काढून टाकलेलं, आणि लाल पट्टीला लागलं की थांबा.