नानांचं ऊन

भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना त्याचं कासव आमच्याकडे सोडून गेला. "मामा, ह्याला काही लागत नाही. पडून असतं." काहीही न लागणाऱ्या पाहुण्यांचा मला दांडगा अनुभव आहे, तरी हो म्हणून बसलो. डोळ्यामागे लाल पट्टा, मानेला सुरकुत्या, आणि बघणं असं की समोरचा नुकताच काहीतरी चुकीचं बोललाय. घरात सगळे त्याला नाना म्हणू लागले. मग अहोजाहो आपोआपच आलं.

नाना चोवीस तास पाण्यात. महिन्याभरात पाठीवर हिरवं शेवाळ धरलं. सदाशिव पेठेत कुत्र्यामांजरांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर मिळतात, कासवाला हात लावणारे शोधायला तीन दिवस गेले. त्यांनी नानांना उचललं, कवचाची कड अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारलं, "ऊन खायला कुठे बसतं?"

"बसत नाही."

"बसायला जागा आहे का?"

ह्यावर मी जरा गप्प झालो.

मग माझी शिकवणी झाली. कासवाच्या अंगाला ऊब बाहेरूनच मिळते. ती मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर पोटात कितीही कॅल्शियम गेलं तरी अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. शिवाय रोज पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं व्हायला हवं, नाहीतर शेवाळ आणि बुरशी ठरलेली. "पण टाकी खिडकीत उन्हातच आहे," मी म्हटलं. "खिडकी बंद ठेवता?" "हो." "मग यूव्हीबी काचेनेच अडवले. तुम्ही नुसतं पाणी तापवत होता." निघताना त्यांनी पुढच्या पायांची नखं बघितली आणि सांगितलं, नराची लांब असतात, ही आखूड आहेत. म्हणजे नाना मादी आहेत. दोन दिवस आम्ही 'नानी' म्हणून पाहिलं. जमेना.

पहिला प्रयोग विटेचा. टाकीत वीट उभी केली. आई म्हणाली, "विटेवर पांडुरंग अठ्ठावीस युगं उभा आहे, ह्याला दोन तास बसायला काय होतंय?" पांडुरंगाला पोहत येऊन विटेवर चढावं लागलं नव्हतं. नाना कडेला नखं लावायचे, घसरायचे, आणि माझ्याकडे तसं बघायचे. मग तुळशीबागेतून हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं पायपुसणं आणून उतरण केली. नानांनी ती खायला घेतली. शेवटी वाड्याच्या पडझडीतून जपून ठेवलेला शहाबादी फरशीचा तुकडा सापडला. खडबडीत बाजू वर, एक कड पाण्यात, दुसरी विटेवर. घरातलं काहीही टाकू न देण्याचा माझा स्वभाव आयुष्यात एकदाच असा कामी आला.

तरी नाना बाहेर येईनात. कारण मीच होतो. डिसेंबरात पुण्याचा पारा दहाच्या आसपास गेला म्हणून मी मायेने पाण्यातला हीटर तिसावर ठेवला होता. पाणीच इतकं सुखाचं असेल तर बाहेर कोण येईल? मी स्वतः आंघोळीची बादली संपेपर्यंत बाहेर येत नाही. पाणी पंचविसावर आणलं, फरशीवर दिवा लावून तिथे बत्तीस केलं, शेजारी यूव्हीबीची नळी लावली. ही नळी साधारण सहा महिने ते वर्षभरात बदलायची. उजेड देत राहते, पण किरण संपलेले असतात. चालू दिवा बदलायचा, ही कल्पना आमच्या घराण्यात अजून कुणाच्या पचनी पडलेली नाही.

मधल्या काळात आईने आपला उपाय केला. गच्चीवर वाळवणं घातली होती, कुरडयांच्या शेजारी तिने नानांची परात ठेवली, अर्धी सावलीत, आणि कावळे हाकलायची काठी घेऊन बसली. कल्पना चांगली होती. कासवाला तापलं की सावलीत सरकता आलं पाहिजे, हे तिला कुणी न सांगता कळलं. फक्त कासव हळू चालतं ह्यावर तिचा विश्वास होता. तिने चष्मा पुसेपर्यंत नाना परातीबाहेर, तीन कुरडया पार करून पाण्याच्या टाकीखाली. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "एवढा त्रास कशाला? पाषाणच्या तलावात सोडून या." तेवढं मात्र करायचं नाही. ही जात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. जगभर तळ्यांत सोडली गेली आणि तिथल्या कासवांच्या मुळावर उठली.

जानेवारीत एका दुपारी नाना फरशीवर दिसले. मान ताणलेली, मागचे दोन्ही पाय हवेत लांब, बोटं फाकलेली, विमानतळावर उतरत असल्यासारखे. मी आनंदाने "अगं!" म्हणालो. धप्प.

तेव्हा खरी अडचण कळली. आई कीर्तनातलं सांगते, की कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते. प्रत्यक्षात कासवी अंडी पुरून निघून जाते, वळूनही बघत नाही. आणि कुणी बघतंय म्हटलं की कासव पाण्यात. गेले दोन महिने मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो होतो.

मग टाकीच्या एका बाजूला जुनी चादर लावली. दुपारी एक ते चार घरात कुजबुज चालते. कुकर साडेबाराच्या आत. फोडणीचा चर्र आवाज बंद, म्हणून संध्याकाळपर्यंत वरण साधं. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून, डावा डोळा फटीला लावून बघतो. बायको म्हणते, "लग्नाआधी एवढं कुणाकडे बघितलं असतंत तर वेळेवर झालं असतं." पण नाना रोज बसतात, तास-दीड तास, खडखडीत कोरडे होतात. कवच घट्ट होत आलंय, डॉक्टरांनी परवा दाबून सांगितलं.

राहता राहिली दाराची बेल. कुरियरवाले नेमके दोनलाच येतात. म्हणून दारावर पाटी लावली: "आत कासव उन्हाला बसले आहे. दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास कासव पाण्यात पडते व वेळेचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो."

काल सव्वादोनला नाना जेमतेम कोरडे होत आले होते, मागचा पाय नुकताच लांब केला होता. बेल वाजली. धप्प. दारात समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त गुरुजी, हातात लाल पेन्सिल.

"पाटी वाचली," ते म्हणाले. "'हिशोब' नाही. 'हिशेब'."