पिशवीवर 'फ्लशेबल' लिहिलंय, म्हणून?

मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायला टोफू लिटर जरूर घ्या. पण ते कमोडात टाकू नका.

ओळखीत ज्यांच्या ज्यांच्या घरी माऊ येते, त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: "फ्लश करता येईल असं लिटर कुठलं घेऊ?" प्रश्न रास्त आहे. फ्लॅटमध्ये रोजची घाण टाकायची कुठे, हा खरा पेच आहे. बादलीला वास येतो, घरातले कुरकुरतात आणि कमोड चार पावलांवर असतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नेहमीच्या स्वस्त लिटरमधल्या बेंटोनाइटबद्दल फार बोलायला नको. ती माती आहे, आपल्याकडे कच्छ आणि बाडमेरच्या खाणींतून निघते. पाणी लागलं की फुगते आणि चिकट होते, म्हणून तर शूचा घट्ट गोळा होतो. इमारतीच्या पायासाठी पायलिंग करताना खोल खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून हीच माती कालवून ओततात. ती सांडपाण्याच्या पाइपात गेल्यावर काय करेल, हे वेगळं सांगायला नको. सिलिकाच्या लिटरचे खडे तर विरघळतच नाहीत.

टोफू लिटरचं तसं नाही. सोयाबीनचं दूध काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याच्या त्या बारीक कांड्या असतात, धरून ठेवायला स्टार्च किंवा गवारीचा डिंक घातलेला. वजनाला हलक्या, धूळ कमी, माऊच्या पंज्यांना टोचत नाहीत. मी स्वतः तेच वापरते आणि सगळ्यांना तेच सुचवते. त्याच्या पिशवीवर 'फ्लशेबल' हा शब्द ठळक छापलेला असतो आणि लोक पैसे मोजतात ते बऱ्याचदा त्या शब्दासाठीच.

एकदा काचेच्या बरणीत पाणी घेऊन बघा. कोरडी कांडी टाकलीत तर ती पटकन मऊ पडून सुटते. आता ट्रेमधला रात्रभर आवळलेला शूचा गोळा टाका. बाहेरून पीठ सुटत राहतं, पण आतला गाभा ढेकळासारखा तसाच. काडीने ढोसल्याशिवाय फुटत नाही. फुटल्यावर पाणी दुधट होतं आणि आपल्याला वाटतं विरघळलं. बरणी हलवू नका, तशीच ठेवा. थोड्या वेळाने वर पाणी आणि खाली बोटभर गाळ. म्हणजे चोथा होता तिथेच आहे, फक्त सुटा झालाय.

हा गाळ वाहून न्यायला ड्युअल फ्लशचं छोटं बटण साधारण 3 लिटर पाणी देतं, मोठं 6. उभ्या पाइपात काही अडत नाही. अडतं ते खाली, जिथे पाइप आडवा होऊन चेंबरकडे वळतो. जुन्या इमारतींत तिथला उतार आधीच कमी झालेला असतो, त्यात वाइप्स, केस, स्वयंपाकघरातलं तेल. चोक-अप झालं की पाणी वरच्या मजल्यावर येत नाही, तळमजल्यावरच्यांच्या कमोडातून वर येतं. लिटर टाकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

मग कुणाला तरी बोलावतात. आधी बांबू, मग सळई, आणि तरीही नाही निघालं तर माणूस आत उतरतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. गटारात जीव गेलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. म्हणजे तोवरही माणसं मरायची थांबली नव्हती. माझ्या सोयीची घाण दुसऱ्या कुणाला हाताने काढावी लागणार असेल, तर ती सोय मला नको. मला हे एकच कारण पुरेसं आहे.

पण दुसरंही आहे, आणि ते पाइपापेक्षा दूर पोचतं. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचं जीवनचक्र मांजराच्याच आतड्यात पूर्ण होतं. कच्चं मांस, उंदीर, पक्षी खाऊन मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे तिच्या शीतून त्याचे असंख्य ऊसिस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी अंड्यांसारखी बीजं, बाहेर पडतात. मांजर बहुधा ठणठणीत दिसत असते. या ऊसिस्टचं कवच इतकं टणक असतं की पाण्यात घालतात त्या क्लोरीनने ते मरत नाहीत आणि ओल्या मातीत वर्षभरही टिकू शकतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे समुद्री ऑटर (पाणमांजरं) या परजीवीने मरताना आढळले आणि शहरांतून वाहत येणाऱ्या पाण्याकडे बोट गेलं. 2006 मध्ये तिथे कायदाच झाला, की लिटरच्या पिशवीवर 'टॉयलेटमध्ये फ्लश करू नका' अशी सूचना छापा.

आता आपल्याकडे या. पुण्यातलं बरंच सांडपाणी पुरेशी प्रक्रिया न होता मुळा-मुठेत जातं. मोठ्या सोसायट्यांत स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असतो, त्याचं पाणी बागेला घालतात आणि त्याच बागेत मुलं खेळतात. घरातच राहणाऱ्या, फक्त शिजवलेलं किंवा कोरडं खाणाऱ्या मांजरापासून हा धोका फार कमी, हे खरं. पण किती घरांतली मांजरं खरोखर बाहेर जात नाहीत?

हे वाचून कृपा करून घरातलं मांजर सोडून देऊ नका. सून गरोदर आहे, या परजीवीचा पोटातल्या बाळाला धोका नको म्हणून वर्षानुवर्षं सांभाळलेली मनी रातोरात मंडईजवळ नेऊन सोडलेली मी पाहिली आहे, आणि ते आठवलं की अजून संताप येतो. काहीही गरज नसते. शी पडल्यापासून ऊसिस्ट लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणजे ट्रे रोज साफ केला की धोका जवळजवळ संपला. तेवढे महिने ते काम नवऱ्याने करावं. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांची काळजी जास्त घ्यायला हवी.

मग टाकायचं कुठे? मी शी आणि गोळे वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळते आणि वर लाल ठिपका काढते. पॅड-डायपरसाठी 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांनी पुण्यात ही खूण रुजवली, आतलं काय आहे ते उघडून बघावं लागू नये म्हणून. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, यात मांजराची शी आहे, हात लावू नका." त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, बाकीचे नुसतं ओल्यात टाकतात." ओल्या कचऱ्यात टाकू नकाच. टोफू सोयाबीनचं असलं तरी शी पडलेला भाग घरच्या खतातही नको, विशेषतः त्या खतावर कोथिंबीर-मेथी लावत असाल तर.

लिटर निवडताना 'फ्लशेबल' शब्दाऐवजी वास नसलेलं बघा. लॅव्हेंडर, पीच हे वास माणसासाठी असतात, अनेक मांजरं त्या ट्रेकडे फिरकत नाहीत. पावसाळ्यात मोठी पिशवी आणू नका. शेवटी ते धान्यच, दमट हवेत बुरशी धरते आणि किडे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि माती बदलून एकदम टोफू टाकलंत तर माऊ सोफ्यामागे जाऊन बसेल. जुन्यात मूठभर नवं मिसळत, आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. त्यातूनही ऐकत नसेल तर खाली विचारा, मला जमेल तसं सांगेन.