खुलासा : साल्झबुर्ग ते ग्रादो हा संपूर्ण सायकलमार्ग मोटारमुक्त नाही

ऑस्ट्रियातील साल्झबुर्गपासून इटलीत एड्रियाटिक समुद्रकाठच्या ग्रादोपर्यंत जाणारा सुमारे ४१० किलोमीटरांचा आल्पे-आद्रिया सायकलमार्ग ‘पहिल्यापासून शेवटपर्यंत मोटारमुक्त’ असल्याचा आणि ‘सायकलवरूनच आल्प्स ओलांडता येतो’ असा मजकूर सध्या फिरत आहे. दोन्ही विधाने बरोबर नाहीत.

हा समज कशामुळे पसरला असावा, याचा अंदाज करणे कठीण नाही. सोबत फिरणारी छायाचित्रे बहुधा इटलीतील, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या तार्विझिओ या गावाच्या दक्षिणेकडील टप्प्याची असतात. तेथे १८७९ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि नवा दुहेरी मार्ग झाल्यावर बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून त्या जागी डांबरी सायकलवाट केली आहे. आगगाडीसाठी आखलेला असल्यामुळे उतार सौम्य आहे, जुने पूल आणि बोगदे तसेच वापरात आहेत, आणि क्युझाफोर्तेच्या जुन्या स्थानकात सायकलस्वारांना खायला-प्यायलाही मिळते. एवढा टप्पा खरोखरच मोटारमुक्त आहे, आणि माझ्या मते सर्वांत सुंदरही.

मात्र या मार्गावर आल्प्सचाच भाग असलेली ऑस्ट्रियातील टाउर्न पर्वतरांग सायकल चालवून ओलांडायची नसते. ब्योकश्टाइन येथे सायकल आगगाडीत चढवून ८ किलोमीटरांहून लांब बोगद्यातून माल्निट्झला उतरावे लागते. पुढे ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रदेशाच्या मैदानात मार्ग अनेक ठिकाणी गावांतील आणि शेतांमधील सामाईक रस्त्यांवरून जातो; तेथे वाहने थोडी असली तरी असतात. त्यामुळे लहान मुलांसह जाणाऱ्यांनी तार्विझिओखालचा टप्पाच निवडावा.