अर्धा इंच

परवापासून कोपऱ्यावरचा चहावाला मला विचारतो, "काय अर्धा इंच, साखर कमी की?" नळाचे दोन क्लॅम्प आणायला गेलो होतो, एवढाच माझा गुन्हा.

बेळगावात आमच्या गल्लीत पाणी चौथ्या दिवशी पहाटे येतं. म्हणजे आधी हवा येते. हौदाकडे जाणारा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप अंगात आल्यासारखा घुमतो, आणि जुने क्लॅम्प गंजून पडल्यापासून भिंतीवर डोकं आपटतो. वरच्या काकू कुणी दार वाजवतंय समजून उठतात.

'अर्धा इंची' म्हणून आणलेले क्लॅम्प पाईपाला बसेचनात. तेव्हा पाईपाला सुतळी गुंडाळून बरोबर तेवढी कापली आणि पुन्हा खडेबाजार गाठला. सुतळीचा मला थोडा अभिमानही होता.

दुकानात रंगाच्या डब्यावर एक म्हातारबा बसलेले. दुकान त्यांचं नव्हे, घ्यायचंही काही नव्हतं.

"काय शोधूलालास रे?"

"अर्ध्या इंची पाईपाचे क्लॅम्प, मामा."

"अर्धा, आतून का भाईरून?"

मी सुतळी पुढे केली. उंदराची शेपटी धरावी तशी चिमटीत धरून त्यांनी ती पट्टीला लावली. ६.७ सेंटीमीटर.

"बावीस सप्तमांशानं भाग दे."

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पाच गिऱ्हाइकांसमोर, मी भाग दिला. २१ मिलिमीटर आणि वर थोडं.

"अर्धा इंच म्हणजे किती?"

"साडेबारा आणि वर थोडं."

"मग पाणी पिऊन सुटला काय रे तुझा पाईप?"

मराठी गिऱ्हाइकं हसली. कानडी गिऱ्हाइकं मागे राहू नयेत म्हणून मामांनी त्यांना खुलासा केला, "दारा तंदार्री!" दोरा आणलाय. तीही हसली. १९५६ पासूनचा सीमावाद तेवढ्यापुरता मिटला.

तर लोखंडी पाईपाचा अर्धा इंच हा आतल्या भोकाचा, तोही नावापुरता. बाहेरून तो २१.३ मिलिमीटर. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकच्या पाईपाचा, अर्धा इंच बाहेरून १५.९. मला आदल्या दिवशी दिलेले क्लॅम्प या दुसऱ्या अर्ध्याचे. अर्ध्या लिटर दुधात असा घोटाळा केला तर लोक गवळ्याला बडवतील. इथं हसतात गिऱ्हाइकाला.

"सीपीव्हीसीचे पाऊण इंची घे," मामांनी निकाल दिला. २२.२ मिलिमीटर, जरा सैल, पण बसतात. म्हणजे अर्ध्याला पाऊण! आधीचे दोन परत घ्या म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, "माप बघून न्यायचं की, सर."

ड्रिल मारताना भाकरीएवढा गिलावा पडला, त्याबद्दल घरात जे ऐकलं ते इथं लिहीत नाही. क्लॅम्प बसले.

आज चौथा दिवस. चार वाजता उठून पाईपावर हात ठेवून उभा राहिलो. वर दार उघडलं.

"आज वाजलं नाही व्हय?" काकू म्हणाल्या. "म्हणून जाग आली."

सव्वापाचपर्यंत आम्ही दोघं वाट बघत होतो. पाणी आलंच नाही.