दोरी खंय बांधलंस?

पुण्यातील बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी देवगड तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित बागेत राहायला आलो, तेव्हा तेथील हापूसच्या 42 कलमांपैकी एकावरही मी आजवर चढलेलो नाही, ही गोष्ट गावात कोणाच्या लक्षात नसेल असा माझा समज होता. ती सर्वांच्या लक्षात होती. लहानपणी मे महिन्यात सगळी भावंडे फांद्यांवर असताना मी खाली उभा राहून टोपलीतले आंबे मोजत असे, त्यामुळे पुढे मी बँकेत चिकटलो याचे गावाला काडीचेही नवल वाटले नव्हते.

आजोबांनी लावलेली ती कलमे आता इतकी उंच आणि दाट झाली होती, की भर दुपारी त्यांच्या पोटात शिरले तर कंदील घ्यावासा वाटे. आंब्याला मोहोर येतो तो पक्व काडीच्या शेंड्याला आणि तोही ऊन पोहोचेल तेथे. परिणामी आमचे आंबे झाडाच्या फक्त बाहेरच्या अंगाला धरत आणि उरलेले झाड नुसते लाकूड पोसत उभे असे. अशा जुन्या कलमांची मधली फांदी काढून आत उजेड घ्यावा, असे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे लोकही सांगतात. सांगणे सोपे असते. हंगामात राखणीला आणि आंबे उतरवायला नेपाळहून आलेली माणसे मिळतात, परंतु कोणती फांदी ठेवावी आणि कोणती काढावी हे जाणणारा पंचक्रोशीत एकच माणूस उरला होता, तो म्हणजे वयाची सत्तरी ओलांडलेले तात्या. मी मजुरी विचारायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले आणि म्हणाले, "शिकतंस काय?" बँकेतल्या माणसाला फुकट मिळणारी गोष्ट नाकारता येत नाही. मी हो म्हटले.

दसरा झाला, पाऊस थांबला, खोडावरचे शेवाळ वाळले आणि माझे शिक्षण सुरू झाले. पहिले तीन दिवस तात्यांनी मला झाडाला हातसुद्धा लावू दिला नाही. "चढूचा नंतर. आधी बघूक शिक," असे म्हणून ते विडी ओढत दगडावर बसत आणि मी मान वर करून कलमाभोवती प्रदक्षिणा घालत असे. "काय दिसता?" असे ते मधून मधून विचारीत. पहिल्या दिवशी मी "पाने" असे उत्तर दिले, त्यावर त्यांनी दुसरी विडी पेटवली. तिसऱ्या दिवशी मात्र मला एकमेकींना घासणाऱ्या फांद्या दिसू लागल्या, वाळकी लाकडे दिसू लागली आणि शेंड्याकडे हिरवेगार डवरलेले जे झुबके मी आजवर झाडाच्या तब्येतीचे लक्षण समजत होतो, ते बांडगुळाचे आहेत हेही कळले. चिमुकले पक्षी त्याची फळे खातात, चिकट बी फांदीला पुसून जातात आणि मग ते बी फांदीत मुळे घुसवून आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी जेवते. बांडगूळ नुसते ओरबाडून चालत नाही, फांदीही त्याच्या मुळांच्या खालून काढावी लागते. कर्जवसुलीच्या खात्यात मी सहा वर्षे काढली होती, त्यामुळे हा मुद्दा मला चटकन समजला.

चौथ्या दिवशी मी चढलो. दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा, उरलेले तीन झाडाला चिकटलेले हवेत. पाऊल फांदीच्या बुडाशी ठेवायचे, शेंड्याकडे नाही. आणि वाळक्या फांदीवर देवाचाही भरवसा ठेवायचा नाही. एवढे नियम मी पाठ केले होते. नियमांत हुमल्यांचा उल्लेख नव्हता. हे तांबडे मुंगळे आपल्याच अळ्यांच्या रेशमाने पाने एकमेकांना चिकटवून घरे बांधतात आणि त्या घराला कोणी धक्का दिलेला त्यांना मुळीच खपत नाही. ज्या क्षणी माझे तीन अवयव झाडाला चिकटलेले होते, त्याच क्षणी त्यांनी माझ्या मानेवर मोर्चा आणला. मोकळा राहिलेला एकमेव हात मानेकडे न्यावा की फांदीकडे, या पेचात मी जो आवाज काढला, तो ऐकून शेजारच्या वाडीतली काकू पडवीत आली. खालून तात्यांचा सूर शांत होता, "झाड तुका टाकणा नाय, तूच झाडाक सोडतंस."

कापण्याच्या बाबतीत माझा पहिला अपराध अधिक गंभीर होता. जाड फांदी वरून कापत गेलो. ती अर्धी तुटली, स्वतःच्या वजनाने खाली वाकली आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. त्या दिवशी तात्या माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत हातात दिली. "आधी खालसून काप, मगे वरसून." म्हणजे खोडापासून दीड हातावर खालच्या बाजूने थोडा काप घ्यायचा, त्याच्या जरा पुढे वरून कापायचे, मग फांदी साल न सोलता पडते आणि राहिलेला खुंट शेवटी स्वतंत्रपणे काढायचा. तोही अगदी खोडालगत नव्हे. फांदीच्या बुडाशी एक फुगीर गळपट्टी असते, तिच्या जरासे बाहेर. झाड जखम भरून काढत नाही, ते कडेने नवे लाकूड वाढवून जुनी जखम आत बंद करून टाकते, आणि ही वाढ त्या गळपट्टीतून होते. माझा हात मात्र पुनःपुन्हा खोडाला भिडत असे. खात्यावर शिल्लक शून्य करून टाकण्याची सव्वीस वर्षांची सवय एका आठवड्यात जात नाही.

मग तो दिवस उगवला. मोठ्या कलमाची मधली फांदी काढायची होती आणि ती मीच काढावी असे ठरले. शेखचिल्लीची गोष्ट मला पाठ होती, त्यामुळे आपण कापायच्या फांदीवर बसलेलो नाही याची मी तीनदा खात्री करून घेतली. खालून काप घेतला. पुढे सरकून वरून करवत लावली. लाकडाचा भुसा पडू लागला, दूरवर वाघोटन खाडीचे पाणी चमकत होते, आणि आपल्यात आजोबांचे काहीतरी उतरले आहे अशी भावना मनात दाटून येत असतानाच खालून प्रश्न आला.

"दोरी खंय बांधलंस?"

मी कमरेच्या दोरीचा नजरेने माग काढला. ती डोक्यावरून वर गेली होती, एका भक्कम, जाडजूड, निरोगी फांदीला तिची सुरेख गाठ बसली होती, आणि ती फांदी म्हणजे माझ्या करवतीखाली अर्धी कापली गेलेली फांदीच होती. शेखचिल्ली निदान आपल्या फांदीवर बसून तरी होता. मी स्वतःला तिच्याशी बांधून घेतले होते.

खाली उतरल्यावर तासभर मी बोर्डो पेस्ट, म्हणजे कापलेल्या जागेला बुरशी लागू नये म्हणून फासायचा लेप, करण्याच्या कामाला लागलो, कारण ते जमिनीवर करता येते. 1 किलो मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या बादलीत, आणि मिळून 10 लिटर पाणी. दोन्ही गार झाल्यावर एकत्र करायचे आणि त्यात लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला असे समजायचे. खिळा स्वच्छ निघाला. गेल्या पंधरवड्यात माझ्या हातून पहिल्याच खेपेला बरोबर झालेली ही एकमेव गोष्ट असल्याने मी तो तात्यांना दोनदा दाखवला. मग त्यांनी स्वतः वर चढून दोरी दुसऱ्या बेळक्यात बांधून दिली, मी फांदी काढली आणि जखमेला निळी पेस्ट फासली. माझा शर्टही निळा झाला, आणि आजूबाजूच्या चार-पाच झाडांचा भाग विनाकारण निळा झाला.

यंदा त्या कलमांच्या कापांभोवती पालवीचे झुपके फुटले आहेत. त्यांतले बाहेरच्या दिशेने जाणारे तीन-चार ठेवून बाकीचे खुडायचे आहेत, म्हणजे माझी चढाई अजून संपलेली नाही. दरम्यान तात्यांनी पलीकडच्या गावातला एक तरुण मुलगा शिकायला घेतला आहे. पहिल्या दिवशी ते त्याला मी सोललेल्या कलमाखाली घेऊन आले, सालीच्या त्या हातभर व्रणावर बोट ठेवले, आणि मी पडवीत बसलेलो असताना त्याला विचारले, "काय दिसता?"