‘श्रीमंतांच्या खिडकीसाठी नियम’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या दरीवर, म्हणजे कोलंबिया गॉर्जवर, आणि तिथला देखावा जपायच्या नियमांवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरातल्या श्रीमंतांना खिडकीतून हिरवा डोंगर दिसावा म्हणून गावातल्या माणसाच्या जमिनीवर टाच आणायची, वर त्याच्या घराचा रंगही सरकारने ठरवायचा आणि असले चोचले आम्ही इथे बसून मराठीत कौतुकाने लिहायचे. ‘चोचले’ जरा झोंबलं. पण ठीके, लेखात मी धबधब्यांचे फोटोच भरमसाट टाकले आणि नियम दोन ओळीत उरकले, ती चूक माझीच.

आधी खिडकीचं बघू, कारण तिथे गणित बरोब्बर उलटं आहे. कुणाच्या घरातून काय दिसतं याला त्या नियमांत काडीची किंमत नाही. नदीचं पात्र, हायवे, ट्रेल, क्राउन पॉइंट हा दरी बघायचा कडा, म्हणजे जिथे कोणीही जाऊन उभा राहू शकतो अशा जागांची यादी आहे, आणि तिथून बघताना नवीन घर डोळ्यात खुपता कामा नये, एवढंच तपासतात. म्हणजे गोची होते ती कड्यावर काचेचा बंगला बांधायला निघालेल्याची. ओळखीतल्या एकांनी नदीच्या वॉशिंग्टन राज्याकडच्या बाजूला घर बांधलं तेव्हा अर्जासोबत भिंतीच्या रंगाचे नमुने आणि छताच्या पत्र्याचा तुकडा जोडावा लागला, बायकोला क्रीम कलर हवा होता, मिळाला ओल्या मातीसारखा गडद तपकिरी, काचा कमी चमकणाऱ्या आणि नदीकडच्या अंगाची झाडं तोडायची नाहीत. वर्षभर शिव्या घालत होते. मागच्या उन्हाळ्यात बाबा आले तेव्हा त्यांना क्राउन पॉइंटला नेलं, कठड्याला टेकून बराच वेळ समोरचा काठ न्याहाळत होते, मग म्हणाले, "पलीकडे वस्तीच नाही का रे?" वस्ती आहे की! दिसत नाही, एवढंच.

आता गावातला माणूस. 1982 च्या डिसेंबरात पोर्टलंड शहराच्या पूर्वेला नदीवर आय-205 हायवेचा पूल झाला आणि पलीकडचा काठ एकदम हाकेच्या अंतरावर आला. बायपास झाला की आपल्याकडे जमिनीचं जे होतं तेच तिथेही होऊ घातलेलं, प्लॉट पाडायला सुरुवात. तेव्हा गॉर्ज वाचवायला उभ्या राहिलेल्या नॅन्सी रसेल वगैरे मंडळींनी जोर लावला आणि 1986 च्या नोव्हेंबरात गॉर्ज जपायच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगनची सही झाली, तीही खळखळ करतच. साधारण 137 किलोमीटरचा पट्टा, 2,92,500 एकर, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही दोन राज्यं, सहा काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या). पण सगळ्याला एकच काठी नाही. त्यातली 13 गावं आणि शहरं या नियमांतून पूर्ण वगळलीत, वाढायचंय तर तिथे वाढा. सगळ्यात देखण्या भागात मात्र कडक कारभार, तिथे 40 एकरांपेक्षा लहान तुकड्यावर नवीन घर नाही आणि प्लॉटिंग तर नावच नको. पण त्या मालकांसाठी एक पळवाट मुद्दाम ठेवलेली होती, जी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते: जमीन फॉरेस्ट सर्व्हिसला, म्हणजे सरकारी वनखात्याला, विकायला काढायची, तीन वर्षांत त्यांनी घेतली नाही तर कडक नियम सुटणार आणि साधे लागणार. घ्या नाहीतर सोडा. शिवाय चालू शेतीच्या आड हे नियम येत नाहीत.

तुमचा राग अगदीच चुकीचा आहे असंही नाही. मल्टनोमा धबधब्याच्या समोरच्या काठावर एका कुटुंबाने काउंटीची रीतसर परवानगी काढून घर बांधायला घेतलं, घर उभं राहत असताना हे नियम राबवणारं गॉर्ज कमिशन जागं झालं आणि म्हणे हलवा. प्रकरण वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2001 साली कमिशन हरलं. काउंटीच्या परवानगीविरुद्ध मुदतीत अपील केलं नाही ना, मग आता बोलायचं नाही. मला तो निकाल पटतो. आणि जिला निसर्गरम्य म्हणून जपतात त्याच नदीवर आधी धरणं बांधलीत, 1957 मध्ये द डॅल्सच्या धरणाच्या पाण्याखाली सेलिलो धबधबा गेला, तिथल्या मूळ लोकांची हजारो वर्षांची मासेमारीची जागा. तेव्हा देखावा कुणाला आठवला नाही.

राहिली तुमची पंचगंगेकाठची पाच एकर. आपल्याकडची निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतल्या, त्या पाण्यासाठी आखलेल्या आहेत, देखाव्याचा तिथे संबंधच नाही. नदीकाठी कारखाने किती लांब हवेत हे सांगणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं, तेही 2015 ला रद्द झालं. त्यामुळे रंग ठरवायला तुमच्याकडे कोणी येणार नाही, निर्धास्त राहा. पण शेजारच्याने निळ्या रेषेत भराव टाकलाय असं तुम्हीच कमेंटच्या शेवटी लिहिलंय, त्याची परवानगी कोणी दिली ते आधी माहितीच्या अधिकारात विचारा, कागद हातात आले की मला पाठवा, मग त्यावर वेगळं लिहू.