मामा, जरा उठता का?

परवा रविवारी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका माणसाच्या बुडाखाली प्रीमियर पद्मिनी गाडीच्या वायरिंगचा अख्खा नकाशा होता, आणि तो माणूस उठत नव्हता. आज बुधवार. अजून माझं डोकं त्या पायरीवरच आहे.

थोडक्यात सांगतो. मला गाड्यांच्या दुरुस्तीची पुस्तकं जमवायचा नाद आहे. वर्कशॉप मॅन्युअल, स्पेअर पार्टचे कॅटलॉग, नव्या गाडीबरोबर मिळायची ती मालकाची पुस्तिका, काहीही चालतं. आजघडीला 63 नग दिवाणाच्या पोटात आहेत. रविवारच्या बाजारातून भाजी आणायचं काम मी आपणहून घेतलंय, ते काही मेथीच्या प्रेमापोटी नव्हे. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक रद्दीचं दुकान आहे.

तिथं परवा गठ्ठ्याच्या तळाशी पद्मिनी निघाली. म्हणजे पुस्तक. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गियर, पुढं सोफ्यासारखी एकसलग सीट. पुठ्ठा निळा, कडा तेलानं काळ्या. जुनं मॅन्युअल पहिल्यांदा वाचायचं ते डागांवरून. कार्ब्युरेटरचं पान अंगठ्याच्या ठशांनी काळंकुट्ट, इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं त्याहून काळं, आणि गिअरबॉक्सची पानं कोरी करकरीत. म्हणजे मालक सकाळी सकाळी गाडी चालू होईना म्हणून कार्ब्युरेटरशी झगडला, पण गिअरबॉक्सला हात घालायची छाती झाली नाही. पॉइंटच्या पानावर कडेला पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं, ‘पुन्हा तेच.’ त्या दोन शब्दांवर माझा जीव जडला.

दुकानदाराच्या लेखी तराजू हाच देव. ज्ञानकोश असो की लग्नपत्रिका, किलोवर. पण माझ्या चेहऱ्याकडं एकदा बघितलं आणि पुस्तक किलोवरून नगावर गेलं.

“चारशे.”

घासाघीस करण्याआधी मी शेवटचं पान उलगडायला गेलो. मॅन्युअल घेताना हे आधी बघायचं असतं. मागं घडी घातलेलं मोठं पान असतं, गाडीच्या सगळ्या वायरिंगचं. तेच नेमकं फाटतं, हरवतं, कुणीतरी भिंतीला लावतं. इथंही दोन बोटं रुंदीची पट्टी तेवढी शिवणीला चिकटून राहिली होती. फाटलेली कड पांढरीशुभ्र. म्हणजे फाडलेलं ताजं होतं.

“बाकीचं पान कुठाय?”

दुकानदारानं हनुवटीनं पायरीकडं दाखवलं. पायरी नुकतीच धुतलेली, ओली. तिच्यावर पांढरी टोपी घातलेले, सत्तरीचे एक गृहस्थ मांडी ठोकून बसलेले. मांडीखालून डाव्या बाजूला एक हेडलाइट डोकावत होता.

“ओ मामा, जरा उठता का?”

“का?”

“तुमच्या खालचा कागद माझा आहे.”

“तुमचा?” मामांनी खाली न बघताच विचारलं. “तुमी कवा हांतरलासा?”

“हांतरला नाही हो. ह्या पुस्तकाचं पान आहे ते.”

“मग पुस्तकात का न्हाई?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्याच्याकडं होतं तो दुकानदार एकदम सुतळीची गाठ मारण्यात गढून गेला.

“कसलं पुस्तक?”

“गाडीचं. पद्मिनीच्या दुरुस्तीचं.”

“फियाट म्हणा की. आन गाडी कुठं लावलीया?”

“गाडी नाही.”

“इकली?”

“नव्हतीच कधी.”

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. “म्हशीच्या आदी दावं घेणारं बघितल्यात मी. पर म्हस घ्यायचीच न्हाई आन घरात नुसती दावी साटवायची, हे पैल्यांदा बघतोय.”

तोवर शेजारचा लिंबूवालाही येऊन उभा राहिला होता. कोल्हापुरात दोन माणसांचं बोलणं तिसऱ्याशिवाय पूर्ण होत नाही.

“बरं, चालवता काय मग?”

मी माझ्या गाडीचं नाव सांगितलं. छोटी, पांढरी, हप्ते फिटलेली.

“तिचं हाय पुस्तक?”

नाही. 63 पुस्तकांत माझ्या स्वतःच्या गाडीचं मॅन्युअल नाही. अमेरिकन लष्करानं 1944 साली जीपसाठी काढलेल्या मॅन्युअलची झेरॉक्स आहे, टीएम 9-803. प्रीमियर 118 एनईची दोन वेगळी पुस्तकं आहेत, कारण त्या गाडीचं शरीर फियाट 124 चं आणि इंजिन निस्सानचं, 1171 सीसी. एकाच घरात माहेरची एक नि सासरची एक अशा दोन पोथ्या. इंग्लंडातल्या हेन्स प्रकाशनाचीही काही आहेत. त्यांचं पहिलं मॅन्युअल 1966 साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर निघालं. ही मंडळी खरोखरची गाडी विकत घेऊन नटबोल्टापर्यंत खोलायची, परत जोडायची आणि मग लिहायची. त्यांच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास येतं, की जोडणी ही खोलण्याच्या उलट क्रमानं करावी. जगातला सगळ्यांत मोठा थापाड्या वाक्यप्रकार. मामा पायरीवर बसले होते दोन सेकंदांत. त्याच्या उलट क्रमाला पाऊण तास झाला तरी सुरुवात नव्हती.

माझ्या गाडीचं मात्र नाही, कारण ते मिळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात मी विचारलं होतं. काउंटरवरच्या पोरानं मी त्याच्या बहिणीचा पगार विचारल्यासारखं बघितलं. “ते कॉन्फिडेन्शियल असतंय सर.” गाडी माझी, पैसे माझे, कर्ज माझं, आणि तिच्या पोटात काय आहे ते कॉन्फिडेन्शियल! गाडीबरोबर जी पुस्तिका मिळाली ती चांगली जाड आहे. तिच्यात लहान मुलाला सीटवर कसं बांधायचं याला अकरा पानं आणि बाकी प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. एसीचा फिल्टर बदलायला त्यांनी माझ्याकडून मजुरी घेतली. ग्लोव्ह बॉक्स काढायचा, जुना फिल्टर ओढायचा, नवा सरकवायचा. काचेपलीकडून मी घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटं. त्या बिलाची पावती मी जपून ठेवलीय, दिवाणातच. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानं डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात मोटारीही घेतल्या. हक्काला नाव मिळालं, बरं वाटलं. पुस्तक काही दिवाणात आलेलं नाही.

हे सगळं मी मामांना सांगायला सुरुवात केली होती. त्यांनी हात वर केला.

“उद्यमनगरात चाळीस वर्सं लेथवर हुतो मी. इंजिनाला पेचकस टेकवायचा, मूठ कानाला लावायची. टॅपेट वाजतंय का बेरिंग, ते इंजिनच सांगतंय. पुस्तक कशाला पायजे?”

“पण मामा, टॉर्क किती द्यायचा, गॅप किती ठेवायचा...”

“हातात असतंय ते.” त्यांनी पंजा दाखवला. दोन बोटांची टोकं नव्हती. मी नजर वळवली, आणि तेवढ्यात त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. “बाबूराव पेंटरांनी शिनेमाचा क्यामेरा हितं, कोल्हापुरात केला. पुस्तक बगून केला काय?”

लिंबूवाला म्हणाला, “बरोबर हाय.”

झालं. बाकी गावांत वाद देवावर आला की संपतो, आमच्याकडं बाबूराव पेंटरांवर आला की संपतो. त्यापुढं बोलणारा कोल्हापूरचा नव्हेच. उत्तर मला सुचलं ते रात्री दीड वाजता. बाबूराव रोज रोज जन्माला येत नाहीत म्हणूनच तर कुणीतरी लिहून ठेवावं लागतं ना! मामांच्या हातात जे होतं त्यातलं चाळीस वर्षांत एक ओळ कागदावर आली नाही, ते असेच पायरीवर बसून राहणार, आणि उद्या लेथवर कुणी नवा पोरगा परत पहिल्यापासून बोटं घालवणार. पण रात्री दीड वाजता ऐकायला मामा नव्हते. बायको होती, तिनं कूस बदलली.

“दसऱ्याला चौकात म्हाराजांची मेबॅक येती,” मामा आता रंगात आले होते. “तिचं हाय काय तुमच्याकडं?”

इथं मी खरा दुखावलो. ते पुस्तक मी अकरा वर्षं शोधतोय. दर दसऱ्याला लोक सोनं लुटायला दसरा चौकात जातात, मी बॉनेटकडं बघत उभा असतो.

“न्हाई म्हंजे,” मामांचा आवाज खाली आला, आजाऱ्याशी बोलावं तसा, “ह्या समद्या पुस्तकांवरनं तुमी आजवर केलासा काय?”

“म्हणजे?”

“किती इंजिनं खोलली?”

खोटं बोलता आलं असतं. पण लिंबूवाला बघत होता.

“वायपरचं रबर बदललंय,” मी म्हणालो. “एका बाजूचं.”

मामा हसले असते तर चाललं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी लिंबूवाल्याकडं बघितलं, लिंबूवाल्यानं जमिनीकडं बघितलं, आणि कुणीतरी गेल्यावर पाळतात तशी शांतता पसरली. मग मामा गुडघ्यावर हात टेकून, ‘आई गं’ म्हणत, उठले.

उठले! मी वाकलो. नकाशा पसरलेला होता, चांगला टॉवेलाएवढा, मधोमध ओलसर, पण शाई फुटलेली नव्हती. डायनॅमो, फ्यूजचा डबा, वायपरची मोटर, सगळं जागच्या जागी. माझा हात पोचायच्या आत मामांनी तो उचलला, दोनदा झटकला, चौघडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात सरकवला.

“मामा, अहो ते...”

“मला आजून दोन ठिकाणी बसायचं हाय,” ते म्हणाले. “तुमाला काय, गाडीच न्हाई.”

आणि गेले. भवानी मंडपाच्या दिशेनं, सावकाश, खिशात एका मोटारीची सगळी वीज घेऊन. मी मागं धावायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. सत्तरीच्या माणसाच्या बंडीत हात घालून कागद ओढणारा मी, आणि भोवती रविवारचा बाजार. तुम्ही धावा.

दुकानदार तेवढ्यात मोकळा झाला होता. “पान न्हाई म्हणून वीस कमी करतो. तीनशे ऐंशी द्या.”

दिले.

घरी बायकोनं पिशवीत बघितलं. “मेथी?”

मी काही बोललो नाही.

“मी कढई तापवून बसलोय इथं,” ती म्हणाली. मग तिला निळा पुठ्ठा दिसला आणि तिनं गॅस बंद केला.

रात्री दिवा लावून मी शिवणीला राहिलेली ती दोन बोटांची पट्टी बघत बसलो. तिच्यावर आकृतीची फक्त कड आलीय. मागचा एक दिवा, अर्धा हॉर्न आणि त्यातून निघालेल्या सात वायरी. सातही सरळ रेषेत कडेपर्यंत येतात आणि तुटतात. पुढचं सगळं मामांच्या खिशात.